सर फोनवर सांगतात, औषध मी लिहिते

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि. मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न आहे, म्हणजे एमबीबीएसनंतरचं सक्तीचं प्रशिक्षणाचं वर्ष करतेय. सध्या मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. गेल्या आठवड्यात रात्री वॉर्डात एका आजोबांची शुगर ३८० आली. जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकणारे निवासी डॉक्टर) सर कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, दुसऱ्या पेशंटला नळी टाकत होते. ते फोनवर म्हणाले, “रेग्युलर इन्सुलिन दहा युनिट दे, लिहून टाक, सकाळी सही करतो.” मी ट्रीटमेंट शीटवर दहाचा आकडा काढला आणि घाईघाईत त्याला चिकटूनच युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ काढलं. इंजेक्शन भरायच्या आधी सिस्टर शीट घेऊन माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, हे शंभर आहे का?” माझे हातपाय गार पडले. आजोबांना दहाच युनिट गेले, ते बरे होऊन घरी गेले. पण सरांची सही त्या नोंदीखाली अजून झालेली नाही. तिथं फक्त माझी सही आहे.

ओपीडीत तर शिक्का मारून सही केलेले कोरे केसपेपर आमच्यासमोर ठेवलेले असतात, औषधं आम्ही भरायची. घरी वेगळीच तऱ्हा. आईच्या ओळखीच्या काकू झोपेच्या गोळ्या लिहून मागतात. मी टाळते, तर आई म्हणते, “एवढी डॉक्टर झालीस, चार ओळी लिहायला काय जातं?” त्यात एका खासगी नर्सिंग होममधून रात्रीच्या ड्युटीसाठी विचारणा झाली आहे. मला नक्की काय लिहिता येतं आणि काय नाही? आणि नाही म्हटलं, तर इंटर्नशिप पूर्ण झाल्याच्या, कम्प्लिशनच्या कागदावर सही अडेल का?

— एक इंटर्न

प्रिय डॉक्टर,

वयानं तू माझ्या विद्यार्थिनींच्या बरोबरीची, म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी मुख्य प्रश्नाचं सरळ उत्तर देते, कारण ते तुला कुणी समोर बसवून सांगितलेलं दिसत नाही. इंटर्नला औषध लिहिता येतं, पण स्वतःच्या अधिकारात नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं तुला दिलेली नोंदणी तात्पुरती आहे. ती इंटर्नशिपसाठी मिळालेली आहे आणि तेवढ्यापुरतीच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१ साली सक्तीच्या फिरत्या इंटर्नशिपचे विनियम काढले. त्याआधी जुन्या मेडिकल कौन्सिलचे १९९७ चे विनियम होते. दोन्हींचा गाभा एकच आहे: वर्षभर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं, स्वतंत्रपणे करायचं नाही. आजारपणाचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा मेडिकोलीगल (पोलीस-कोर्टाच्या कामाचा) कागद इंटर्ननं स्वतःच्या सहीनं द्यायचा नाही, हे फार पूर्वीपासून स्पष्ट शब्दांत ठरलेलं आहे.

औषधांच्या बाबतीत याचा व्यवहारातला अर्थ असा, की तू जिथं शिकतेस त्याच रुग्णालयात, तिथल्याच पेशंटसाठी, तिथल्याच कागदावर आणि नाव घेऊन सांगता येईल अशा वरिष्ठाच्या सांगण्यावरून लिहायचं. तुझ्या पत्रातला प्रत्येक प्रसंग या कसोटीवर घासून बघ. वॉर्डातल्या रात्री वरिष्ठ होते, फक्त कागदावर दिसत नव्हते. ओपीडीत वरिष्ठांची सही होती, पण वरिष्ठ नव्हते. काकूंच्या आणि नर्सिंग होमच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. म्हणून या सगळ्यांना एकच उत्तर देता येणार नाही.

एक गोंधळ आधी निस्तरू. ‘शिकाऊ डॉक्टर’ म्हटलं की लोक इंटर्न आणि रेसिडेंट यांना एकाच माळेत ओवतात, आणि कधीकधी इंटर्नही तसंच समजतात. तुझे जेआर सर एमडी शिकत असले, तरी ते कायम नोंदणी असलेले डॉक्टर आहेत. औषध लिहिण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना आहे. विषयातलं कसब त्यांनी लेक्चरर आणि युनिट हेडच्या हाताखाली शिकायचं, एवढंच. म्हणजे त्यांनी तुला फोनवर सांगितलेलं औषध ही खरी, वैध ऑर्डर होती. ती त्यांची होती, हे मात्र शीटवर कुठंच उमटलं नाही. वाचणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की एका इंटर्ननं रात्री स्वतःच्या मनानं इन्सुलिन लिहिलं. देखरेख होती हे तुला माहीत आहे, सरांना माहीत आहे, पण सहा महिन्यांनी कुणी केसपेपर उघडला तर कागदाला ते माहीत नसेल. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण देखरेख कागदावर दिसली पाहिजे, हे लक्षात ठेव.

ती कशी दिसावी, ते त्याच रात्रीवर दाखवते. तू इंग्रजीत लिहिशील, मी मराठीत सांगते. नोंद अशी हवी होती: “रात्री २.१०. ग्लुकोमीटरवर शुगर ३८०. पेशंट शुद्धीवर, उलटी नाही. डॉ. अमुक, जेआर एक, यांच्याशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्या सांगण्यावरून रेग्युलर इन्सुलिन दहा युनिट, त्वचेखाली, एकदाच. ऑर्डर परत वाचून दाखवली, त्यांनी बरोबर असल्याचं सांगितलं. दोन तासांनी शुगर पुन्हा तपासायची.” खाली तुझं पूर्ण नाव, त्यापुढे ‘इंटर्न’ हा शब्द आणि सही. हे लिहायला दीड मिनिट लागतं. रात्री दोन वाजता दीड मिनिटही जड जातं हे मी जाणते, तरी ते द्यायचंच.

फोन ठेवण्याआधी ऑर्डर परत वाचून दाखवणं हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. “सर, रेग्युलर इन्सुलिन, एक शून्य, दहा युनिट, त्वचेखाली, बरोबर?” आकडा असा फोडून म्हणायचा. आणि नुसतं ऐकायचं नाही, विचारायचंही. आजोबा रात्री जेवले होते का? संध्याकाळचा डोस किती वाजता गेला? किडनीचं काही आहे का? समोरचा नळी टाकता टाकता बोलतोय. शीट तुझ्या हातात आहे, पेशंट तुझ्या समोर आहे. त्याला न दिसणारं तूच त्याला सांगायचंस. आधीच्या डोसचा असर उतरायच्या आत दुसरा डोस गेला, की पहाटे शुगर पडते, आणि झोपेत पडलेली शुगर कुणाच्या लक्षात येत नाही. असे प्रश्न विचारणाऱ्या इंटर्नवर चिडणारा रेसिडेंट क्वचित भेटतो. बहुतेकांना हायसंच वाटतं.

मग सकाळच्या राउंडआधी सही घ्यायची. मानांकन असलेल्या रुग्णालयांच्या धोरणात तोंडी ऑर्डरवर सही होण्यासाठी साधारण २४ तासांची मुदत असते. तुमच्या रुग्णालयाचं याबाबत काही लेखी परिपत्रक आहे का, ते विभागाच्या कार्यालयात विचार. असेल तर त्याची प्रत वॉर्डात लावा म्हणावं. नसेल, तर ते नाही हे युनिट हेडच्या कानावर गेलेलं बरं.

काही औषधं मात्र मी माझ्या इंटर्नना फोनवर घेऊच देत नसे, मग सांगणारा कितीही मोठा असो. केमोथेरपी, मॉर्फिनसारखी औषधं, शिरेतून द्यायचं पोटॅशियम, आणि वजन न केलेल्या बाळाचं कुठलंही औषध. तिथं वरिष्ठानं यायचं, बघायचं आणि स्वतःच्या हातानं लिहायचं. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि मग धावपळ करायलाही वेळ उरत नाही. एवढ्या एका औषधासाठी तरी हट्टी हो.

आता त्या ‘यू’बद्दल. तू एकटीच असं लिहितेस असं समजू नकोस. आकड्याला चिकटलेलं ‘यू’ शून्यासारखं वाचलं जाणं हा जगभर माहीत असलेला धोका आहे, आणि म्हणूनच ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा असा आग्रह सगळीकडे धरला जातो. असेच आणखी काही सापळे आहेत. पाचच्या पुढे दशांशचिन्ह देऊन शून्य काढलं (५.०), की तो टिंब फिका पडतो आणि पाचचे पन्नास होतात. उलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधीचं शून्य गाळलं, की त्याचे पाच होतात. मायक्रोग्रॅमचं संक्षिप्त रूप मिलिग्रॅम म्हणून वाचलं जातं, आणि तिथं फरक हजारपटीचा असतो. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चिठ्ठीवर ‘एक गोळी’ एवढंच असेल तर पेशंट ती रोज घेतो, आणि काही दिवसांत तोंडात फोड, रक्तपेशी घसरलेल्या अशा अवस्थेत परत येतो. तिथं ‘दर सोमवारी एक’ असा वारच लिहायचा, आणि पेशंटकडून तो वार वदवून घ्यायचा.

आणि त्या सिस्टर! त्यांनी तुला चारचौघांत खजील केलं नाही, इंजेक्शनही भरलं नाही, येऊन विचारलं. त्यांचे आभार मानले नसशील तर आजच मान. पुढे तुझ्या हाताखाली लोक येतील तेव्हा असं विचारणाऱ्या माणसावर कधी खेकसू नकोस. ज्या वॉर्डात सिस्टर डॉक्टरला प्रश्न विचारायला घाबरतात, तो वॉर्ड पेशंटसाठी धोक्याचा असतो.

त्या रात्री तुझे हातपाय गार पडले म्हणतेस, म्हणून एक अभ्यास सांगते. ब्रिटनमध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलनं १९ रुग्णालयांमधल्या सव्वा लाखाच्या आसपास औषध-ऑर्डर तपासून घेतल्या. अहवाल २००९ मध्ये आला. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांच्या ऑर्डरींमध्ये चुकांचं प्रमाण ८.४ टक्के निघालं, दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांचं १०.३ टक्के. आणि कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ मंडळींचं? ५.९ टक्के. म्हणजे वीस-वीस वर्षं अनुभव असलेलेही चुकत होते, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी प्रमाण थोडं जास्तच होतं. तरी बहुतेक सगळ्या चुका पेशंटपर्यंत पोचायच्या आत फार्मासिस्ट, नर्स किंवा दुसऱ्या डॉक्टरनं पकडल्या होत्या. तुझ्या वॉर्डात त्या रात्री हेच घडलं. तू नालायक आहेस असं त्यातून काही सिद्ध होत नाही. घाईत लिहिलेला आकडा दुसऱ्या डोळ्यांखालून गेला म्हणून वाचला, आणि तो दुसरा डोळा दर वेळी असायलाच हवा. चूक मनात घोळवत बसण्यापेक्षा ती विभागाच्या बैठकीत मांडली गेली तर दहा जणांच्या उपयोगी पडेल. लेक्चरर समंजस असतील तर त्यांना तसं सुचवून बघ.

तू विचारलेलं नाहीस, पण हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच: पेशंट हातातून चाललाय आणि वरिष्ठ फोन उचलत नाहीत, तर? तेव्हा सहीचा विचार करत उभं राहायचं नाही. इंजेक्शननंतर ॲलर्जी येऊन प्रेशर पडलं, श्वास कोंडला, तर मोठ्या माणसाला ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, लगेच. हे तुला पाठ असलं पाहिजे आणि करता आलं पाहिजे. जीव वाचवणं ही प्रत्येक डॉक्टरची जबाबदारी आहे, आधी कागदपत्रं पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. पण एकटीनं लढायचं नाही. सिस्टरना हाक मार, कॅज्युअल्टीतल्या मेडिकल ऑफिसरना फोन लाव, भूलतज्ज्ञांना बोलव, शेजारच्या युनिटचा रेसिडेंट दिसला तर त्याला ओढून आण. कुणाकुणाला किती वाजता फोन केला हे नंतर वेळेसकट लिही. ‘वरिष्ठांना कळवलं’ असं मोघम लिहिलेलं काही कामाचं नसतं.

ओपीडीतले सही केलेले कोरे कागद हा प्रकार मला रात्रीच्या प्रसंगापेक्षा जास्त खटकतो. रात्री निदान कुणीतरी ऐकून, विचार करून ऑर्डर दिली होती. कोऱ्या कागदावरची सही म्हणजे न पाहिलेल्या पेशंटच्या न लिहिलेल्या औषधाला आधीच दिलेली मान्यता. त्यात सही करणारा अडकतो, भरणारा अडकतो, आणि पेशंट बिचारा समजतो की मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला तपासलं. दोनशेची ओपीडी असते, रांग दाराबाहेर जाते, मी नाकारत नाही. पण त्यातूनही वाट निघते. तू पेशंट बघ, हिस्टरी आणि तपासणी लिही, औषधं सुचव, आणि पाच-सहा कागद साठले की ते पेशंट घेऊन सरांच्या टेबलाशी जा. एकेका पेशंटला दोन वाक्यांत मांड, सर बघतील, बदलतील, सही करतील. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. माझ्या मते ओपीडीत इंटर्नला बसवायचं ते यासाठीच. समोर कोरा सहीचा कागद आलाच, तर तो बाजूला ठेव आणि नवा घे. त्यावरून भांडण काढायची गरज नाही.

आता घरचं. हे वॉर्डापेक्षा अवघड, कारण इथं समोर आई आहे.

काकू मागतायत त्या गोळ्या बहुधा अल्प्राझोलाम किंवा तत्सम असणार. ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या एका कडक यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून या यादीतलं औषध विकताना औषधविक्रेत्याला वेगळ्या रजिस्टरात लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि त्याची संख्या नोंदवावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. म्हणजे तू ‘चार ओळी’ लिहून दिल्यास, की कायम नोंदणी नसलेल्या डॉक्टरचं नाव त्या रजिस्टरात चढलं. त्यात काकू तुझ्या रुग्णालयाच्या पेशंट नाहीत, कुणी वरिष्ठानं त्यांना बघितलेलं नाही, कागदही घरचा. कसोटीतलं काहीच जुळत नाही. स्वतःच्या नावाचं लेटरपॅड छापून त्यावर तात्पुरता नोंदणी क्रमांक टाकण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून दे.

पण नियमाच्या आधी मला काकूंची काळजी वाटते. उतारवयातल्या बाईला या गोळ्या लावल्या की रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. काही आठवड्यांत सवय लागते, मग एकदम बंद केल्या तर झोप आणखी उडते, जीव घाबरतो. आणि झोप का लागत नाही, हे कुणी विचारलंय का? गुडघे ठणकतात म्हणून? पाणी काढायची गोळी रात्री घेतात म्हणून लघवीला चार वेळा उठतात? मन उदास आहे? लिहून द्यायचा अधिकार तुला आज नाही, पण हे सगळं विचारायचा आहे. काकूंकडे जा, त्यांच्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या बघ, बीपी घे, आणि त्यांना तुझ्या रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन जा. केसपेपर काढ, सरांना दाखव. एवढं केलंस की आईचा राग विरघळेल. तिचा राग तू चिठ्ठी देत नाहीस याचा नाहीच, माणसांना परत पाठवतेस याचा आहे. आईला साध्या शब्दांत सांग: “आई, मला अजून पक्की नोंदणी मिळालेली नाही. बाहेरच्या कागदावर औषध लिहिलं तर माझी पुढची नोंदणी अडचणीत येईल. काकूंना मी स्वतः दवाखान्यात घेऊन जाते.” आया मुलीच्या पदवीला धक्का लागू देत नाहीत. काकूंना पुढचं उत्तर तीच देईल.

नर्सिंग होमला नाही म्हण. यात विचार करण्यासारखं काही नाही. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केला तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि तात्पुरती नोंदणी प्रशिक्षणाच्या संस्थेबाहेर तुला वाचवत नाही. तिथं रात्री तू एकटी असशील. कन्सल्टंट घरी झोपलेले असतील, आणि काही बरंवाईट झालं तर कागदावर अक्षर तुझं असेल. इंटर्नला रात्रीच्या ड्युटीला ठेवणाऱ्या मालकाला हे सगळं ठाऊक असतं. विद्यावेतन वेळेवर मिळत नाही आणि घरची ओढाताण आहे म्हणून अनेक मुलं या वाटेनं जातात. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. विद्यावेतन थकलं असेल तर त्यासाठी सगळ्या इंटर्ननी मिळून डीनकडे जा, तो तुमचा हक्क आहे. पण ही वाट नको. काही महिन्यांनी कायम नोंदणी हातात येईल, मग राजरोस जा.

तेव्हा औषधाची चिठ्ठी तुझ्या स्वतःच्या सहीनं जाईल, आणि ती कशी असावी हे औषध नियमावलीत १९४५ पासून लिहिलेलं आहे: लेखी हवी, सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचं आणि डोस काय हे हवं. एकूण संख्या लिहायची राहून जाते, आणि मग तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने दुकानात फिरते. वैद्यक व्यवसायाच्या आचारसंहितेप्रमाणे चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि २०१६ च्या दुरुस्तीनुसार औषधाचं जेनेरिक (कंपनीचं नव्हे, मूळ औषधाचं) नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतल्या औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, त्यातली एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपतो. ही शिस्त आत्ता, वॉर्डातल्या शीटवर लावून घेतलीस, तर पुढे वेगळी शिकावी लागणार नाही.

नाही म्हटलं तर सर चिडतील ही तुझी भीती खोटी नाही. कम्प्लिशनचा कागद ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे बोलताना आवाज बारीक होतोच. पण नीट बघ, तुला कुठंही ‘नाही’ म्हणायचंच नाहीये. “सर, मी लिहिते, तुमचं नाव आणि वेळ टाकते, सकाळी सहीला शीट आणते.” यात नकार कुठं आहे? हे पहिल्याच दिवशी, काम सुरू करताना सांगून टाक, भर रात्री नव्हे. आणि एकटीनं नको. पोस्टिंगमधल्या तुम्ही सगळ्यांनी एकच पद्धत धरलीत, तर ती एका मुलीची कुरकुर राहत नाही, युनिटची रीत होते. लॉगबुकमध्येही कुणाच्या देखरेखीखाली काय केलं ते त्या त्या दिवशीच भर. महिनाअखेरीला आठवून भरलेल्या लॉगबुकाला काही अर्थ नसतो.

सरांचीही बाजू बघ. रेसिडेंटची सलग ड्युटी साधारण १२ तासांच्या वर जाऊ नये, असं केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटलंय. तुझे सर त्या रात्री किती तासांचे जागे होते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सही राहिली ती बहुधा लबाडीनं नाही, थकव्यानं. म्हणून त्यांच्याकडे तक्रारीच्या सुरात जाऊ नकोस.

जा मात्र नक्की. आजोबा घरी गेलेत, म्हणजे केसपेपर रेकॉर्ड विभागात असेल. सरांबरोबर तिथं जाऊन तो काढून घ्या. जुन्या नोंदीत काही खोडायचं नाही, मध्ये काही घुसवायचं नाही, मागची तारीख तर मुळीच टाकायची नाही. उशिरा केलेली नोंद म्हणून आजची तारीख आणि वेळ घालून सरांनी लिहावं, की अमुक रात्री अमुक वाजता इन्सुलिनची ऑर्डर मी फोनवर दिली होती, आणि खाली सही करावी. उशिराची खरी नोंद चालते, वेळेवरची खोटी चालत नाही. सरांनी दोनदा सांगूनही टाळलं, तर लेक्चररना भेट, बेड नंबर आणि तारीख सांग, जे घडलं ते सांग, सरांच्या स्वभावाबद्दल काही बोलू नकोस. आणि पुरावा म्हणून केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला असशील तर तो काढून टाक, ती आजोबांची खासगी माहिती आहे. स्वतःसाठी वहीत तारीख, वेळ आणि कुणाशी काय बोलणं झालं एवढं लिहून ठेव, पेशंटच्या नावाशिवाय.